काळी पिशवी

टीम लीड झाल्याचा आनंद साजरा करायला वल्लरी बिबवेवाडीच्या वाइन शॉपमध्ये शिरली. मागोमाग तिची आई श्यामलाबाई, पदर सावरत.

“सिंगल माल्ट व्हिस्की पहिल्यांदाच घेतेय. फार धुरकट चवीची नको,” वल्लरी म्हणाली.

दुकानदाराने एक सौम्य बाटली काढली आणि न विचारताच वर्तमानपत्रात गुंडाळून काळ्या पिशवीत घातली. “लेडीजच्या हातात उघडी बरी दिसत नाही, मॅडम.”

आता आई त्याचीच री ओढणार, म्हणून वल्लरी भांडायच्या तयारीत वळली. तोवर श्यामलाबाईंनी पिशवी ओढून घेतली आणि कागद टराटरा फाडला.

“अहो, सॅनिटरी पॅड जन्मभर अशीच काळ्या पिशवीत लपवून नेली. आता दारू तरी उजळ माथ्याने नेऊ द्या!”