नक्कल करू नये

चष्म्याच्या दुकानात, तपासणीच्या खुर्चीवर बसलेल्या माणसाला सगळ्यात वरचं मोठं अक्षरही वाचता येईना. दुकानवालीने काच बदलली, पुन्हा बदलली. मग तिच्या लक्षात आलं, की तो अक्षरांकडे बघतच नाहीये.

"ताई, ती बोट तुमचीच ना?" त्याने विचारलं.

हातातली काच तिने खाली ठेवली. दुकानात येणाऱ्या कुणालाच ठाऊक नव्हतं, की फावल्या वेळात ती एका कॉम्प्युटर गेमसाठी स्क्रिप्ट, म्हणजे छोटे प्रोग्रॅम, लिहिते. त्या गेममध्ये हौशी माणसं मिळून गावं वसवतात. तिने त्यांच्यासाठी गेममधल्या नदीवर बोट चालू केली होती. भोंगा वाजतो, माणसं चढतात, बोट सुटते. कुणीही फुकट घ्यावी म्हणून तिने ती मांडून ठेवली होती.

माणूस लिफ्ट दुरुस्त करणारा होता. गेममधल्या लोकांना विचारत विचारत दुकानापर्यंत पोचला होता. तपासणीची जड फ्रेम नाकावर तशीच ठेवून त्याने सगळं सांगून टाकलं. त्याची मुलगी मैत्रिणींबरोबर तो गेम खेळायची, पण आजारपणानंतर तिचे हात नीट चालत नव्हते. कीबोर्डवर बोटं अडली, की बोट सुटलीच. मैत्रिणी पलीकडच्या काठाला आणि ही धक्क्यावर एकटी. शेवटी त्याने ती स्क्रिप्ट उतरवून घेतली आणि तिच्यात लिफ्टच्या दाराची अट घातली. दारात माणूस असला की दार मिटत नाही. तसं धक्क्यावर कुणी चालत येत असलं, की बोट सुटायची नाही. मुलगी पलीकडे जायला लागली. मग बाकीच्यांनी मागितली, तर त्याने ती त्यांनाही देऊन टाकली.

त्यातल्याच एकाने त्याला स्क्रिप्टच्या माथ्यावरची ओळ दाखवली. सर्व हक्क राखीव. परवानगीशिवाय बदल वा नक्कल करू नये, केल्यास कायदेशीर कारवाई होईल.

त्याची झोप उडाली. बायको म्हणाली, काढून टाका, कोर्टकचेरी आपल्याला झेपायची नाही. त्याने बोट बंद केली. मुलगी रोज विचारायची, तेव्हा बोट दुरुस्तीला गेलीय असं तो सांगायचा.

"चूक झाली," तो म्हणाला. "पण तेवढी तिच्यापुरती चालू ठेवू द्या."

दुकानवाली स्टूल ओढून त्याच्यासमोर बसली. मागे एकाने तिची ती ओळ खोडून बोट स्वतःच्या नावावर खपवली होती. तेव्हा तिने वकील भावाला विचारलं होतं. तो म्हणाला होता, तू लिहिलंस ते तुझंच. वर ओळ असो वा नसो, फुकट वाटलंस तरी हक्क जात नाही. आणि नुसत्या ओळीने चोरही थांबत नाही. हे सगळं तिने त्या माणसाला सांगितलं.

"चोर ती ओळ आधी खोडतात," ती म्हणाली. "वाचून घाबरलेले तुम्ही पहिलेच."

आजच बोट चालू करा, असं तिने बजावलं. वर तिनेच मागणी केली, की त्याने बदललेली बोट तिलाही पाठवावी. बोट थांबत नाही म्हणून कितीतरी जणांनी तक्रार केली होती आणि तिला काही ते जमत नव्हतं. माथ्यावर तिच्या नावाखाली आता त्याचंही नाव लागेल. त्याने खात्री करायला पुन्हा विचारलं. हवं तर लिहून देते, ती म्हणाली. तेव्हा कुठे त्याने खुर्चीला पाठ टेकली. आत आल्यापासून तो काठावरच बसला होता.

थोड्या वेळाने तो म्हणाला, की ओळ मात्र जबर आहे, वाचूनच घाम फुटतो. भावानेच लिहून दिली असणार.

"छे. दुसऱ्या एकाच्या स्क्रिप्टवरून उचलली," ती म्हणाली. "न विचारता."

तो तिच्याकडे बघत राहिला. मग हसायला लागला, आणि एकदा सुरू झालेलं हसू त्याला आवरेना. बाहेर चष्मा न्यायला आलेल्या बाई आत डोकावून गेल्या. फ्रेमच्या खालून पाणी गालांवर ओघळलं.

दुकानवालीने फ्रेम अलगद काढून घेतली आणि काचा पुसायचं मऊ फडकं त्याच्यापुढे धरलं.

"आधी डोळे पुसा," ती म्हणाली. "नाहीतर नंबर चुकीचा निघेल."