मोरीपासून चार मिनिटं

जीपच्या स्प्रिंगचे नवे पाटे शनिवारी चढवतो, असं मिस्त्रीने सांगितलं आणि तिने मनातल्या मनात दिवस मोजले. आज बुधवार होता.

ती नवऱ्याने दिलेला निरोप सांगायला गॅरेजात आली होती. मिस्त्री स्वतःच्याच जीपखालून सरपटत बाहेर आला. ही जीप म्हणजे तिच्या घरच्या जीपची जुळी बहीण, पण मागचा पाटा तुटल्यापासून महिनाभर विटांवर बसलेली. दुनियेच्या गाड्या उठवतो आणि माझीच बसलीय, असं म्हणून तो स्वतःच हसला. मग हात पुसून त्याने नवे पाटे दाखवले. एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्या, वरची सर्वांत लांब, खालच्या आखूड होत गेलेल्या. जुन्या पाट्यांत लोखंडावर लोखंड घासतं, म्हणून ती करकर. या नव्यांत दर दोन पट्ट्यांच्या मध्ये गुळगुळीत चकती होती.

"आता गाडी मांजरासारखी येईल बघा दारात," तो म्हणाला. "साहेबांचं म्हणणंच तसं होतं. बाकी काही कर, आवाज नको."

जुनेच ठेवले तर नाही का चालणार, असं तिने विचारलं. आवाजाची सवय झाली होती.

"सवय दाढदुखीचीही होते वहिनी. म्हणून काय दाढ ठेवायची?"

ती हसली. डाव्या हाताची करंगळी अजून नीट वाकत नव्हती, म्हणून पिशवी तिने उजव्या हातात घेतली.

घर उताराच्या पायथ्याशी एकटंच होतं. वर रस्त्यावरची मोरी, ओढ्यावरचा छोटा पूल, आणि मोरीपासून अंगणापर्यंत खाचखळग्यांची उतरती वाट. डिझेल वाचवायला नवरा मोरीवरच इंजिन बंद करायचा आणि गाडी उतारावर सोडून द्यायचा. त्यामुळे ऐकू यायचे ते फक्त पाटे. कर्र, मग कुंई, मग पुन्हा कर्र. मोरी ते अंगण, चार मिनिटं. तिने कितीतरी वेळा मोजलं होतं. पाच-दहा सेकंदांपलीकडे फरक पडत नसे.

चार मिनिटांत खूप काही होतं. रेडिओ बंद होतो. खिडकीतून शेजारच्या वाडीतल्या बाईशी चाललेलं बोलणं संपतं. आठ वर्षांच्या मुंगीचे खडू डब्यात जातात, डबा कपाटामागे जातो. मुंगीचे कान आईपेक्षा तिखट. ती फक्त "आई, मोरी" म्हणायची, की दोघी कामाला लागायच्या.

नवरा आवाज कधी चढवत नसे. गेल्या आठवड्यात जेवताना तो सहज म्हणाला होता, "गाडी येते ते साऱ्या जगाला कळतं. मी नसताना घरात काय चालतं, ते मला कधी दिसतच नाही." मग तो शांतपणे पाणी प्यायला होता.

शनिवारनंतर मोरी उरणार नव्हती.

खालच्या रस्त्याने बस जायची ती सोमवारी आणि शुक्रवारी, साडेचारला. मुंगीच्या शाळेतल्या फोनवरून तिने ताईला कळवलं होतं. ताई एवढंच म्हणाली, "ये. मी स्टँडवर उभी राहते." गुरुवारी पहाटे नवरा दोन दिवसांसाठी साइटवर गेला. जीप करकरत उतारावरून वर चढली, इंजिनाचा आवाज विरला, तरी पाट्यांची करकर मागे रेंगाळत राहिली. शुक्रवारी अंधार पडल्यावर येतो, असं तो सांगून गेला होता.

शुक्रवारी साडेतीनला तिने खिडक्या लावल्या, पडदे ओढले. बॅगेत दोघींचे कपडे, मुंगीचा दाखला आणि खडूंचा डबा. अंगण ओलांडून डाव्या हाताला पाण्याच्या टाकीमागे पाऊलवाट होती. टाकीपर्यंत एक मिनिट. टाकीच्या पलीकडे गेलं की उतारावरून माणूस दिसत नसे.

मुंगी बुटांच्या नाड्या बांधता बांधता थांबली.

"आई, मोरी."

कर्र. कुंई.

अंधार पडायला अजून तीन तास होते. बॅग पलंगाखाली सरकवावी, मुंगीचे बूट काढावेत, सोमवारची वाट पाहावी, हे सगळं क्षणात मनात येऊन गेलं. पण सोमवारी हा आवाज असणार नव्हता. आज होता. आज तो मोरीवर आहे, हे तिला नक्की ठाऊक होतं. एवढं नक्की पुन्हा कधीच कळणार नव्हतं.

"मोज," ती म्हणाली.

मुंगी ओठ हलवत मोजू लागली. दहा. अकरा. आज करकरीखाली इंजिनही घुरघुरत होतं. घाईत असेल. म्हणजे चार नाही, तीन मिनिटं धरू. तीनही पुष्कळ.

तिने बॅग खांद्याला लावली. पंचवीस. मुंगीचा हात घट्ट धरला. करकर अजून लांब होती, पहिल्या वळणाच्याही वर. तीस. तिने कडी काढली आणि दार उघडलं.

नवरा पायरीवर बसून बूट काढत होता. त्याच्या मागे अंगणात जीप उभी होती.

त्याने आधी बॅगेकडे पाहिलं, मग मुंगीच्या बुटांकडे. मग तो उठला आणि बॅगेचा पट्टा तिच्या खांद्यावरून हलकेच उतरवून घेतला.

"दे इकडे, जड असेल," तो म्हणाला. "आणि चहा टाक. मिस्त्री येतोय मागून. आपले जुने पाटे त्याने स्वतःच्या गाडीला चढवलेत."