चौदा ऑगस्टची गाडी

चौदा ऑगस्टच्या ओळीवर येऊन टेगनचं पेन थांबलं.

स्वयंपाकघरातल्या टेबलावर दोन कागद शेजारी शेजारी पडले होते. एक तिच्या ड्रायव्हिंगच्या नोंदींचा उतारा. चौदा ऑगस्ट, दुपारी दोन वाजून पन्नास मिनिटं, पार्क्सजवळचा हायवे, कॅमेऱ्यात सापडलेली गाडी, वेग मर्यादेपेक्षा सतरा किलोमीटर जास्त, परवान्यावर दंडाचे तीन पॉइंट. दुसरा कागद तिच्या प्रशिक्षणाच्या तासांचा. त्याच चौदा ऑगस्टला सकाळी सात ते संध्याकाळी सात ती डबोमध्ये रुग्णवाहिकेवर कामाला होती. खाली वरिष्ठांची सही. पॅरामेडिक म्हणून नोंदणी हवी तर दोन्ही कागद एकाच अर्जाला जोडायचे होते. एकच मुलगी एकमेकांपासून सव्वाशे किलोमीटरवरच्या दोन गावांत एकाच वेळी कशी असेल, हा प्रश्न नोंदणी मंडळातल्या पेंगणाऱ्या कारकुनालाही पडला असता.

"बाबा, जरा इकडे ये," ती म्हणाली.

दोन वर्षांपूर्वी दंडाचं पत्र आलं ते तिच्या बापाच्या, रॉसच्या नावावर, कारण घरची पिकअप गाडी त्याच्या नावावर होती. 'मीच चालवत होतो,' असं तो तेव्हा घरात म्हणाला. पंचाईत अशी, की त्याच्या परवान्यावर आधीच दहा पॉइंट चढलेले. ते वेगाचे नव्हेत. रॉस इतका सावकाश हाकतो की मागून ट्रॅक्टरवाले हॉर्न देतात. लाँग वीकेंडला गाडी चालवताना त्याने एकदा फोन हातात घेतला होता, आणि लाँग वीकेंडला पॉइंट दुप्पट लागतात. आणखी तीन म्हणजे तेरा, आणि तेरा झाले की परवाना जमा. मग पोटापाण्याचा धान्याचा ट्रक सोडून घरी माशा मारत बसायचं. तेव्हा त्या भागातली बरीच घरं करतात तेच हॅलिनन कुटुंबाने केलं. ज्याच्या परवान्यावर जागा असेल त्याच्या नावावर पॉइंट टाकायचे. 'गाडी मी चालवत होते,' या ओळीखाली टेगनने सही ठोकली आणि चहा प्यायला गेली. तिची आई लिनेट त्या दिवशी काहीच बोलली नव्हती. एकोणीस वर्षं शाळेची बस चालवणारी बाई, एक दंड नाही. तिच्या कंपनीचा नियमच तसा होता. वेगाचा एक दंड झाला की बसच्या चाव्या परत.

रॉसने चष्मा चढवून दोन्ही कागद वाचले.

"प्रशिक्षणाचा तेवढा एक दिवस काढून टाक की."

"बारा तास कमी पडतात. मग नोंदणीच नाही."

"मग दंडाचं लिहू नकोस."

"तो त्यांना तसाही दिसतो. कॉलेजात बाईंनी शंभरदा सांगितलंय, दंड झाला म्हणून कोणाला घरी बसवत नाहीत, लपवलं म्हणून बसवतात."

"अगं, बार्करांची म्हातारी सगळ्या नातवंडांचे पॉइंट घेऊन बसलीये. तिला काय झालं?"

"तिला पॅरामेडिक व्हायचं नाहीये, बाबा."

तीन वर्षं टेगनने हायवेवरच्या अपघातांतून माणसं बाहेर काढली होती, कोणाच्या उलट्या पुसल्या होत्या, कोणाचा हात धरून बसली होती. दुसरं कुठलंही काम तिला करायचं नव्हतं. आणि हे सगळं एका मूर्ख सहीपायी जाणार, याची तिला भीती वाटत होती.

"मी खरं लिहिते," ती शेवटी म्हणाली. "खोटी सही केली, हेही लिहिते. मग नोंदणी देवोत नाहीतर न देवोत. पण गाडी कोण चालवत होतं, तेही लिहावं लागेल."

"लिही," रॉस लगेच म्हणाला. "रॉस हॅलिनन. ट्रक सोडायला काहीतरी निमित्त हवंच होतं मला." त्याने खिशातून परवाना काढला आणि नंबर उतरवून घेता यावा म्हणून तिच्यापुढे ठेवला.

टेगनला त्याच्याकडे बघवेना. तिने खाली मान घालून त्याचं नाव लिहिलं.

लिनेट मोरीपाशी ताटल्या पुसत होती. ती टेबलाशी आली. हातातलं फडकं तिने खुर्चीच्या पाठीवर टाकलं.

"खोड ते नाव."

"आई, मला या वेळी खरं लिहायचंय."

"म्हणून तर सांगतेय. हा माणूस त्या दुपारी शेडमध्ये ट्रकखाली पडून नट पिळत होता. पिकअप मी नेली होती, दातांच्या डॉक्टरकडे. तिथे उशीर झाला. तीनला शाळा सुटते, पोरं फाटकाशी उभी राहतील म्हणून पळवली."

खुर्ची ओढून ती बसली. तिचा आवाज बस चालवतानाचाच होता.

"बस जाईल, जाऊ दे. लोकांची पोरं एकोणीस वर्षं नीट पोचवली, आणि माझी पोर खोटी सही करत होती तेव्हा गप्प उभी राहिले. लिनेट हॅलिनन. लिही."

टेगनने बापाकडे बघितलं. रॉसचा चेहरा लालबुंद झाला होता. तीस वर्षांच्या संसारात तो बायकोवर पहिल्यांदाच ओरडला.

"माझं नाव लिहून झालं होतं ना? मग तुला मध्ये तोंड घालायला कोणी सांगितलं होतं?"