हवेबद्दल बोलणारी आजी

सरांच्या सुनेनं दार उघडलं आणि विचारलं, "या. जेवून आलात ना?" टायपिस्टबाई हो म्हणाल्या, चपला काढल्या आणि थेट सरांच्या खोलीत गेल्या.

सर प्रुफांत बुडाले होते. आपल्या माणसांनी दीडशे वर्षं इंग्रजीत जे जे लिहिलं त्याचा इतिहास त्यांनी लिहिला होता. चौदा वर्षं खपले होते बिचारे. आज दोन वाजता छापखान्याचा माणूस शेवटची प्रुफं न्यायला येणार होता. महिनाभर ती प्रुफं बाईच तपासत होत्या. टायपिंग सोडून बाईंना कितीतरी वर्षं झाली होती, पण इंग्रजीतली चूक त्यांच्या पेन्सिलीतून सुटत नाही, हे सगळे मानत.

"सातव्या प्रकरणात एक चूक राहिलीय," बाई म्हणाल्या.

सरांना वाटलं स्वल्पविराम असेल. बाईंनी पान समोर ठेवलं. एका लेखिकेवरच्या अख्ख्या परिच्छेदाला त्यांनी रेघ मारली होती. लेखिका शाळेत शिकवायची. दोनच कादंबऱ्या लिहून गेली. पहिलीची सरांनी यथेच्छ धुलाई केली होती. त्या कादंबरीतली आजी येईल त्याच्याशी हवेबद्दल बोलते. रात्री घरात चोर शिरतो, तर त्यालाही म्हणते, आज गारवा फार आहे. 'ही आजी साहेबाच्या देशातून बोटीनं आणलेली आहे,' असं सरांनी लिहिलं होतं. दुसऱ्या कादंबरीत मात्र लेखिका स्वतःच्या घरात आली, तिची माणसं आपल्यासारखी बोलू लागली, असं त्यांचं म्हणणं. सगळं प्रकरण या एका मुद्द्यावर उभं होतं. चोराचा किस्सा तर ते वर्गात वीस वर्षं सांगत होते आणि मुलं पोट धरून हसत होती.

बाईंनी पिशवीतून एक जाड वही काढली. लेखिकेच्या हातची, पहिल्या कादंबरीची. सरांनी पानं उलटली. पोस्टमन येवो, जावई येवो, भांडायला शेजारीण येवो, आजी एकच विचारत होती, जेवलास का, जेवलीस का. दर वेळी ते वाक्य पेन्सिलीनं खोडलेलं होतं आणि वर बारीक, सुबक अक्षरात हवा लिहिलेली होती. ऊन, पाऊस, गारवा. ते अक्षर सरांनी लगेच ओळखलं. महिनाभर स्वतःच्याच प्रुफांवर पाहत होते ते.

"सत्तावीस ठिकाणी," बाई म्हणाल्या. "काल पुन्हा मोजलं."

मग त्यांनी सगळं सांगून टाकलं. ही वही टाइप करायला आली तेव्हा त्या चोवीस वर्षांच्या होत्या, टायपिंगच्या परीक्षेत पहिल्या आलेल्या. नाकावर माशी बसू द्यायच्या नाहीत. वाचलेल्या एकाही इंग्रजी कादंबरीत दारात आलेल्याला कुणी जेवणाचं विचारत नव्हतं, सगळे हवेचं बोलत होते. ही साधी शिक्षिका, लोक हसतील हिला, म्हणून बाईंनी तिला वाचवलं. लेखिका लांबच्या गावी होती, त्यामुळे प्रुफंही बाईंनीच पाहिली. पुस्तक आल्यावर ती एक प्रत द्यायला आली. रागावली नाही. जाताना एवढंच म्हणाली, आजी ओळखूच आली नाही हो मला. आणि वर्षभरानं दुसरी वही पुन्हा बाईंच्याच हातात ठेवली. पहिल्या पानावर लिहिलं होतं, आजीला बोलू द्या. त्या वहीतला एक शब्दही बाईंनी बदलला नाही. मरेपर्यंत तिनं याबद्दल कुणाकडे चकार शब्द काढला नाही. बाईंना ते अजून लागत होतं, आणि तसं त्यांनी सांगितलं.

सरांनी चष्मा काढून पुसला. इतिहास छापील पुस्तकावर लिहायचा असतो, वहीवर नाही, असं ते म्हणाले. शिवाय आता दोन वाजत आले.

"छापलंय ते मी केलंय. तिच्या नावावर कशाला घालता?" बाई म्हणाल्या. "आणि मला सांगा, मगाशी मी आले तेव्हा तुमच्या सुनेनं दारात काय विचारलं?"

सरांना आठवेना. त्यांनी ऐकलंच नव्हतं.

"रोजचं असतं, म्हणून आपल्याला ऐकू येत नाही. या लेखिकेला येत होतं. तिचं मोठेपण तेवढंच, पण ते तिचं आहे."

सरांनी वहीत चोराचं पान शोधून काढलं. चोर अंधारात भांड्यांशी उभा आहे आणि आजी अंथरुणातूनच विचारते, जेवलास का रे? त्यांनी ते दोनदा वाचलं. वीस वर्षं आपण कशावर हसवत होतो, याची त्यांना मनापासून लाज वाटली.

त्यांनी परिच्छेद खोडला आणि समासात नवा लिहायला घेतला. अर्ध्यावर थांबून म्हणाले, आता तुमचं नाव घालावं लागेल.

"घाला की. चाळीस वर्षं लोकांची पुस्तकं टाइप केली, एकातही नाव आलं नाही. आता एकदम इतिहासात येतंय." बाई खुर्चीत ऐसपैस टेकून बसल्या.

बाहेर बेल वाजली. छापखान्याचा माणूस वेळेवर आला होता. सुनेनं दार उघडल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ तिचा आवाज आला, "या. जेवलात का?"

सरांचं पेन थांबलं.

"ऐकलं," ते म्हणाले, आणि पुन्हा लिहू लागले.