रोबोटचा कबुलीजबाब

वडीगोद्रीजवळच्या हायवेवरच्या हॉटेलात ताटं पोचवणाऱ्या रोबोटने एका माळकऱ्यापुढे शेवभाजीऐवजी मटणाचा रस्सा ठेवला. तिसऱ्या घासाला हाड लागलं आणि माळकऱ्याने केस ठोकली. मालक सोमेश्वरशेठ म्हणाले, "चूक मशीनची हाय, माझी न्हाई." मग काय, रोबोटला टेम्पोत घालून जालन्याच्या कोर्टात उभं केलं.

साक्षीला आलेली तुळजाबाई पदराचं टोक चोळत बसली होती. बारा वर्षं ती त्याच हॉटेलात वाढत होती. फोनवर बोलता बोलता रोबोटवरचं चुकीच्या टेबलाचं बटण शेठनीच दाबलेलं तिनं पाहिलं होतं. नोकरी गेली तरी बेहत्तर, आज खरं सांगायचंच, असं ठरवून ती आली होती.

"बोल, चूक कुणाची?" शेठचा वकील रोबोटवर खेकसला.

"माझंच चुकलं साहेब, माफी द्या."

सगळं कोर्ट खदखदून हसलं. तुळजाबाईला हसू आलं नाही, कारण आवाज तिचाच होता. कुणी ओरडलं की रोबोटने आपोआप हेच म्हणावं, म्हणून शेठनी ते वाक्य तिच्याच आवाजात भरून घेतलं होतं.

जजसाहेबांनी तिला पुढे बोलावलं. "घाबरू नका बाई. तुम्ही काय पाहिलं?"

"साहेब, त्या दिशी शेठ फोनवर बोलून राह्यले व्हते, अन्..."

"जोरात बोला!" वकील ओरडला.

रोबोटचं बटण केव्हाच बंद केलं होतं; ओठ हलले ते तुळजाबाईचे.

"माझंच चुकलं साहेब, माफी द्या."