रविवारसाठीचा ट्रे

जयमालाबाई अंडी फोडत होत्या.

क्षिप्रा स्वयंपाकघराच्या दारातच थबकली. तिच्या सासूबाईंनी उभ्या आयुष्यात अंड्याला हात लावला नव्हता. निशांतला कधी ऑम्लेट खायचं झालं तर त्याचा तवा वेगळा, आणि तोही बाल्कनीत, वॉशिंग मशीनच्या मागे. आज त्याच बाई नाक मुरडून, मान लांब धरून, एकेक अंडं भांड्यात सोडत होत्या.

"आई, हे काय?"

"उद्याची तयारी. सकाळी पाहुणे येणार आहेत."

"कोण?"

"आहेत ओळखीचे."

काचेच्या ट्रेमध्ये लोणी लावलेले ब्रेडचे तुकडे मांडले होते. त्यावर कांदा, सिमला मिरची, कोथिंबीर, किसलेलं चीज. बाईंनी अंड्यांत दूध, मीठ, मिरपूड घालून फेटलं आणि सगळं ब्रेडवर ओतलं.

"हे आता फ्रीजमध्ये मुरू द्यायचं. सकाळी नुसतं ओव्हनमध्ये सारायचं." मोबाइलवर बघून शिकल्या होत्या म्हणे.

"एवढा खटाटोप कशाला? मी सकाळी पटकन कांदेपोहे टाकते की."

"पोहे नकोत!" बाई एकदम ओरडल्याच. मग आवाज खाली आणत म्हणाल्या, "पोहे अजिबात नकोत. त्यांच्याकडे अंडं आवडतं. आणि ऐनवेळी मला गॅसपाशी अडकायचं नाहीये. मला बाहेर बसायचंय."



खारघरचा हा फ्लॅट जयमालाबाईंच्या एकटीच्या नावावर होता. सासरे गेल्यावर तो विषय काढायची निशांतची हिंमत झाली नव्हती. गेल्याच वर्षी वरच्या मजल्यावरच्या काकूंनी मुलाला न सांगता फ्लॅट विकला आणि त्या बहिणीकडे साताऱ्याला निघून गेल्या. मुलगा-सून अजून या भाड्याच्या घरातून त्या भाड्याच्या घरात सामान हलवतायत. हे घर गेलं तर इथे दुसरं घ्यायची ऐपत क्षिप्रा-निशांतची नव्हती, आणि त्यांच्या लेकीची, छोट्या जाईची शाळा समोरचा रस्ता ओलांडला की होती.

चिन्हं महिनाभर दिसत होती. बाईंनी आपलं कपाट अर्धं रिकामं केलं. जुन्या साड्या कामवालीला दिल्या. हॉलचे पडदे धुऊन घेतले. फोन आला की बाल्कनीत जाऊन दार ओढून घ्यायच्या. एकदा फटीतून ऐकू आलं होतं, "हॉल लहान आहे, पण सहा माणसं आरामात बसतात." आणि परवा तर कहर झाला. सोसायटीच्या बागेत एक पांढऱ्या केसांचे गृहस्थ उभे, आणि बाई त्यांना बोट करून आपली बाल्कनी दाखवतायत!

"एजंट आहे तो," रात्री क्षिप्रा निशांतला म्हणाली.

"एजंटला कोण अंडी खायला घालतं?"

"मग गिऱ्हाईक असेल. तू विचार ना आईंना."

"मी विचारलं की ती विषय बदलते. तूच विचार. उगाच टेन्शन नको."

ऑफिसात हाताखालच्यांवर डाफरणाऱ्या या माणसाची आईसमोर बोबडी वळायची.

रविवारी सकाळी ओव्हनमधला वास घरभर सुटला. वास छान होता, याचाच क्षिप्राला जास्त राग आला. बाई नवीकोरी मोरपिशी साडी नेसून तिसऱ्यांदा आरशासमोर गेल्या. घर विकायला एवढं नटायचं कशाला, असं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं.

बेल वाजली. तेच गृहस्थ. कडक इस्त्रीचा शर्ट, कपाळावर घाम. बरोबर त्यांची मुलगी गीतांजली आणि काठी टेकत आलेली थोरली बहीण. ऐरोलीहून आलो, म्हणाले. गीतांजलीने हॉल पाहिला, बाल्कनीत डोकावून आली.

"छान हवेशीर आहे हो घर."

क्षिप्राचा धीर सुटला. "हे बघा, आधीच सांगते. आम्ही हे घर सोडणार नाही."

गृहस्थ गडबडले. "छे छे! तुम्ही कशाला सोडाल?"

निशांत छताकडे बघत बसला. तेवढ्यात जयमालाबाई बश्या घेऊन आल्या.  सगळ्यांना देऊन झाल्यावर त्या समोरच्या खुर्चीत टेकल्या आणि फरशीकडे बघत राहिल्या. 

म्हाताऱ्या बहिणीने एक घास घेतला, सावकाश चावला, मान डोलावली.

"हिनं स्वतः केलंय ना?" तिने क्षिप्राला विचारलं.

"हो. आईंनीच केलंय. कालपासून."

"बरं झालंय." म्हातारीने बशी खाली ठेवली, जयमालाबाईंना न्याहाळलं आणि भावाला कोपराने ढोसलं. "श्याम, असा घाम काय पुसत बसलायस? मुलीला काही विचारायचं असेल तर विचारून घे."