फक्कीचा बाण

बाण रस्ता सोडून डावीकडे वळला, कुंपणाच्या फाटकातून आत शिरला आणि अंगण ओलांडून थेट उंबऱ्यापाशी थांबला. त्याच्यामागोमाग सायकलीही आत शिरल्या. पुढच्याने ब्रेक दाबला म्हणून मागच्याने दाबला, आणि बघता बघता सुताराचं अंगण सायकलवाल्यांनी भरून गेलं.

सुतार अंगणाकडे पाठ करून एका चौकटीला रंधा मारत होता. त्याने वळून पाहिलं. एवढी माणसं, सगळ्यांच्या डोक्यावर एकसारख्या टोप्या, सगळी घामाने निथळणारी, आणि सगळ्यांची तोंडं त्याच्या घराकडे.

"कोण गेलं?" त्याने दचकून विचारलं.

"कोणी नाही हो," कप्तान म्हणाला. एरवी त्याचं औषधांचं दुकान होतं. वर्षातून एकदा, या फेरीच्या दिवशी, गळ्यात शिट्टी यायची. "आम्ही काचपेटीवाले. अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी दवाखान्याला पेटी घ्यायची, म्हणून दरवर्षी सायकली काढतो. तळ्याकडे चाललोय."

"तळं मागे राहिलं."

"पण बाण इकडेच आलाय!"

सगळ्यांनी खाली पाहिलं. पांढऱ्या फक्कीचा बाण, ठसठशीत, न थरथरलेल्या हाताचा. टोक दाराकडे.

"आता घरातून जायचं वाटतं. मोरीतून निघत असेल रस्ता," कोणीतरी म्हणालं. हसू फुटलं आणि तिथंच विरलं. सकाळपासून हे असंच चाललं होतं. वाट टेकडी चढली, सूर्यफुलांतून उतरली, ओढा ओलांडून फिरून त्याच ओढ्यावर आली. एका बाणाने गोठ्याला वळसा घालायला लावला, दुसऱ्याने कुलूप लागलेल्या घराच्या पायरीवर नेऊन सोडलं. रानभर सूर्यफुलं एकीकडे तोंड करून उभी होती; माणसांनाच तोंड कुठे करावं कळत नव्हतं.

सून सगळ्यांच्या मागे होती, पंक्चरची पेटी घेऊन. बाण दरवर्षी तिच्या सासूबाई काढायच्या. पहाटे फक्कीची पिशवी हँडलला अडकवून पुढे निघायच्या आणि वळणावळणावर खूण करत जायच्या. उभा जन्म याच वाटांवर सायकल हाकत बाळंतपणं केलेली नर्स. त्यांचं वळण चुकणार कसं? पण कालच नवऱ्याने फोनवर बजावलं होतं, "आईची आणखी एक गडबड कानावर आली, की मी तिला इकडे शहरात घेऊन येणार. चौथ्या मजल्यावर. सायकल बंद, एकटं हिंडणं बंद." आणि सून म्हणाली होती, "त्या अगदी ठीक आहेत."

ती गर्दीतून वाट काढत पुढे आली.

"भाऊजी, बाण यंदा मी काढलेत. सासूबाईंचे गुडघे धरले होते. माझाच घोळ झाला."

कप्तानाने तिच्याकडे बघितलं. "वहिनी, पहाटे तर तुम्ही माझ्या शेजारी बसून टोप्या वाटत होतात."



"बाई आहेत कुठे?" कप्तानाने खिशातून फोन काढला. "ते काही नाही. बाईंच्या मुलाला कळवायला हवं. वर्गमित्र आहे माझा, उद्या मलाच बोल लावेल." त्याने फोन कानाला लावला.

घराच्या मागून नळाचा आवाज येत होता. तो थांबला आणि बाई पुढे आल्या. पदर खोचलेला, हात कोपरापर्यंत धुतलेले आणि कुठे लागू नयेत म्हणून वर धरलेले. निऱ्यांवर फक्की उडालेली.

"आलीस? बरं झालं," त्या सुनेला म्हणाल्या. "फक्की संपली गं. पुढची घरं राहिलीत."

मग त्यांची नजर सुतारावर गेली.

"आणि तू का उभा इथे खांबासारखा? पाणी तापत ठेवलंस?"

"मी?" सुताराच्या दाढीत पांढरे केस होते. त्याने वळून आपल्याच दारातून आत पाहिलं. भिंतीला टेकलेल्या फळ्या, रिकामी खाट. "बाई, मी तो नव्हे, त्यांचा मुलगा. माझी आई तर जाऊन..."

सून त्याच्याकडे बघत होती. तिने मान हलवली नाही, होकाराची नाही की नकाराची नाही. आपण या माणसाकडे काय मागतोय हे तिचं तिलाही उमजत नव्हतं.

सुताराने रंधा खाली ठेवला. हात पँटीला पुसले.

"ठेवतो, बाई."

"मोठं पातेलं ठेव. आणि भिऊ नकोस रे, बाळाचं डोकं खाली आहे. पहिलटकरीण म्हटल्यावर वेळ लागायचाच. बापाने बाहेर थांबायचं." त्या उंबरा ओलांडून आत गेल्या आणि कोपराने दार लोटून घेतलं.

सुतार मागे जाऊन चूल पेटवू लागला. एकाने टोपी काढली. त्याचं बघून दुसऱ्याने काढली. हळूहळू सगळे जमिनीवर बसले. कोणाचा तरी कोपर घंटीला लागला, तशी त्याने ती तळव्याने दाबून धरली.

कप्तानाच्या कानाशी फोन बोलत होता. "हॅलो? अरे बोल ना! आईचं काही झालं का? बाण नीट काढलेत ना तिने?"

कप्तानाने दाराकडे पाहिलं, मग सुनेकडे.

"नीट आहेत," तो म्हणाला. "बरोबर घरी आलोय आम्ही."

"कोणाच्या घरी? आणि कुजबुजतोयस काय असा?"

"तूही हळू बोल," कप्तान म्हणाला. "आत बाळंतपण चाललंय."